हिवाळ्यातली स्पिती: सोलापूरहून जायचंय? थंडी सोडून बाकीचंही विचारा

माळावरचा
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आल्यापासून व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येताहेत, प्रत्येकाला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा म्हटलं इथं धागाच काढावा. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, थंडी किती होती. लई होती. काझात (स्पितीतलं मुख्य गाव) रात्री उणे वीसच्या खाली जातं, दुपारी ऊन असलं तरी सावलीत उभं राहिलं की दोन मिनिटांत कळतं. पण सोलापूरचा माणूस थंडीला आधीच एवढा घाबरलेला असतो की गरजेपेक्षा दुप्पट कपडे घेऊन जातो, त्यामुळं थंडी निभते. खरा त्रास उंचीचा आणि रस्त्याचा, आणि त्याची तयारी कुणीच करत नाही.

आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. काझा ३,६०० च्या वर आणि त्याच्या वरचं किब्बर गाव ४,२०० च्या वर. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासाला ऑक्सिजनही तेवढाच. बुटाची नाडी बांधून उठलं तरी धाप लागते.

रूट सांगतो. कर्नाटक एक्सप्रेसनं सोलापूर ते दिल्ली थेट, दिल्लीहून शिमला (रात्रीच्या बसनं जा, नाहीतर कालकाहून छोट्या गाडीनं, ती १९०३ सालची लाईन आहे, ९६ किलोमीटर आणि शंभरावर बोगदे, वेळ असेल तर तीच धरा). शिमल्यापुढं रामपूर, रेकाँग पिओ, कल्पा, मग खाबला सतलज आणि स्पिती नदीचा संगम लागतो, तिथून चढून नाको, पुढं ताबो आणि शेवटी काझा. हिवाळ्यात स्पितीत शिरायचा हा एकच रस्ता. कल्पा २,९०० च्या आसपास, नाको ३,६०० आणि ताबो परत खाली ३,२०० ला, त्यामुळं शरीराला आपोआप सवय होत जाते. ताबोला दोन रात्री काढाच. तिथला मठ इसवी सन ९९६ चा आहे, आत हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आणि मातीच्या मूर्ती, बाहेरून बघितलं तर मातीचे चार ढिगारे वाटतील. आत फोटो काढू देत नाहीत, आणि बरंच आहे ते.

बाकी सवडीनं लिहितो. विचारा काय विचारायचं ते.

चाटीगल्ली
पहिला प्रतिसाद माझा 😄 मालक फोटो कुठायत? फोटोशिवाय प्रवासाचा धागा म्हणजे फाऊल.

होटगीरोड
मस्त. एक शंका, अटल टनेल झालाय ना आता? मग मनालीकडून का नाही गेला, ते जवळ पडतं की ओ.

माळावरचा
@होटगीरोड, ही शंका सगळ्यांना येते. टनेल २०२० ला सुरू झाला, नऊ किलोमीटरचा आहे, पण तो रोहतांगच्या खालून तुम्हाला लाहौलमध्ये सोडतो. लाहौल वेगळं, स्पिती वेगळं. दोन्हीच्या मध्ये कुंझुम पास आहे, साडेचार हजार मीटरच्या वर, आणि तो साधारण नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फाखाली असतो. त्यामुळं शिमला-किन्नौर हाच रस्ता, आणि तोही बर्फ पडला की एखाददोन दिवस बंद होतो. नाकोच्या पुढं मलिंग नाला म्हणून जागा आहे, तिथं डोंगर कायम घसरत असतो. दिल्लीतल्या एका टूरवाल्यानं आम्हाला फोनवर सांगितलेलं की दिल्लीहून दुसऱ्या दिवशी रात्री काझात पोचवतो. त्याला नमस्कार केला आणि फोन ठेवला.

@चाटीगल्ली, फोटो टाकतो बे, साईज कमी करायचीय.

गोळी_औषध
उंचीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. मी डॉक्टर आहे (हाडांचा नाही, उगाच गुडघे विचारू नका). विरळ हवेचा त्रास कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, रोज पळणारा तरुण आडवा होतो आणि पोट सुटलेले काका खुशाल चहा पीत बसतात. डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही सुरुवात. अशा वेळी वर जायचं नाही, आहे तिथं थांबायचं, वाढलं तर खाली उतरायचं. बसल्याजागी धाप, खोकला, छातीत घरघर किंवा तोल जाणं, बडबडणं सुरू झालं तर सकाळची वाट बघायची नाही, फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी जमायला लागलेलं असू शकतं. ॲसिटाझोलामाइडची गोळी (डायमॉक्स म्हणून मिळते ती) उपयोगी आहे पण आपल्या डॉक्टरला विचारून, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. आणि गोळी घेतली म्हणून भराभर वर चढायचं लायसन मिळत नाही. पहिले काही दिवस दारू बंद. झोपेची गोळी तर अजिबात नको.

चाटीगल्ली
डॉक्टरसाहेब शेवटून दुसऱ्या वाक्यानं आमचा अर्धा ग्रुप गळाला.

निवृत्त_मास्तर
छान माहिती. माझं वय ६४, बीपीची गोळी चालू आहे, रोज सकाळी सिद्धेश्वर तळ्याला चक्कर मारतो. सौ. म्हणतात वेड लागलंय का. जावं का?

गोळी_औषध
मास्तर, नुसत्या वयामुळं नाही म्हणणार नाही. पण आधी ईसीजी, लागल्यास टूडी इको, आणि तुमची फाईल ज्यांच्याकडं आहे त्या डॉक्टरांशी समोर बसून बोला, असं धाग्यावर हो-नाही सांगणं बरोबर नाही. हॉस्पिटल काझात आहे, त्याच्यापुढं वरच्या गावांत काही नाही हे लक्षात ठेवा. आणि सौं.चं ऐकायला हरकत नाही 🙂

अवंतिका_जुळे
बायकांच्या दृष्टीनं कुणीच लिहीत नाही म्हणून विचारते. टॉयलेट, आंघोळ, पाणी. स्पष्ट लिहा प्लीज.

माळावरचा
ताई, बरोबर विचारलंत, स्पष्टच लिहितो. हिवाळ्यात नळ नसतो. म्हणजे नळ असतो, पाणी नसतं, पाईपमध्ये गोठलेलं असतं. गरम पाण्याची बादली मिळते, तंदूरवर (खोली गरम ठेवायची पत्र्याची शेगडी) तापवलेली, त्यात तोंड-हात-पाय. आंघोळ विसरा, कुणी विचारतही नाही आणि घामही येत नाही. ओले वाईप्स रात्री बाहेर राहिले तर सकाळी वीट होते, अंथरुणात घेऊन झोपायचं.

संडास कोरडा. मातीची खोली, जमिनीत चौकोनी भोक, खाली अजून एक बंद खोली. शेजारी माती, राख आणि वाळक्या शेणाचा ढीग आणि एक फावडं, आपलं झालं की दोन फावडी वरून टाकायची. पाणी टाकायचं नाही, टिश्यू वापरायचा. वास जवळजवळ नसतोच, थंडीमुळं. वसंतात त्याच खोलीतलं खत शेतात जातं. पहिल्या दिवशी अवघड वाटतं, नंतर आपल्या रेल्वे स्टेशनवरच्यापेक्षा बरा वाटायला लागतो. आमच्यातल्या दोन ताईंचं म्हणणं असं की रात्री उठून बाहेर जाणं हाच काय तो त्रास, हेडलॅम्प हवाच. सॅनिटरी पॅड घरून न्या आणि वापरलेले परत खाली आणा, त्या भोकात टाकायचे नाहीत, ते खत आहे त्यांचं.

अवंतिका_जुळे
धन्यवाद, असं उत्तर पाहिजे होतं. आता कपडे लिहा.

सातरस्ता
कपडे काय त्यात, सोलापुरी चादर गुंडाळायची आणि निघायचं 😂 जगात कुठं बी जा.

माळावरचा
रेल्वेत चादरीला तोड नाही, मान्य. वर मात्र सुती काहीच कामाचं नाही, सुत घाम आणि ओल धरून ठेवतं आणि मग अंग गार पडतं. आतून थर्मल (लोकर किंवा पॉलिस्टर), त्यावर फ्लीस, त्यावर जाडं डाऊन जॅकेट आणि वारं अडवणारं एक बाहेरचं. चढताना एक थर काढायचा, थांबलं की लगेच घालायचा, घाम येऊ द्यायचा नाही ही एकच युक्ती आहे. बूट एक नंबर मोठा घ्या, दोन मोजे घालून घट्ट झाला तर रक्त पोचत नाही आणि बोटं आधी जातात. आम्ही जॅकेट भाड्यानं घेतली, एका मोसमासाठी विकत घ्यायची गरज नाही, इथं मे महिन्यात कपाटात ठेवलेली नुसती बघूनच घाम फुटेल.

मोबाईल आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात. गारठ्यात बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर येते, अंगाशी धरून गरम केली की थोडी परत येते. बाहेरून गरम खोलीत येण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

होटगीरोड
वाचतोय. पण मालक नुसत्या गार वाऱ्यासाठी एवढा लांब गेलात का? नावावरून तुम्ही नान्नजवाले (सोलापूरजवळचं माळढोक अभयारण्य) वाटता, बर्फातला बिबट्या बघायला गेला असणार.

माळावरचा
पकडलं. हो, हिमबिबट्यासाठीच. आता सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

मी नान्नजच्या माळावर बरीच वर्षं फिरतोय. माळढोक आता दिसणं मुश्किल झालंय, लांडगे दिसतात. लांडग्यानं एक गोष्ट शिकवली, जनावर शोधायचं नाही, मेंढरांकडं बघत बसायचं. किब्बरला तेच कामाला आलं. हिवाळ्यात भरल (निळी मेंढी म्हणतात ती, निळी नाही आणि मेंढीही धड नाही) आणि आयबेक्स (डोंगरातला रानबोकड) वरच्या बर्फातून खाली येतात, कारण उताराला, कड्यावर वाऱ्यानं बर्फ उडून थोडं वाळकं गवत उघडं पडतं. त्यांच्यामागं बिबट्या. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडीचा काळही असतो, त्यामुळं हिंडणं वाढतं. म्हणून तर एवढ्या थंडीत जायचं, उन्हाळ्यात तो कुठल्या कुठं वर गेलेला असतो.

देशात पहिल्यांदा नीट मोजणी झाली ती २०१९ ते २०२३ दरम्यान, आकडा आला ७१८. त्यात ४७७ एकट्या लडाखात, हिमाचलात फक्त ५१. त्यामुळं दिसेलच अशी खात्री कुणी देत असेल तर तो गंडवतोय.

गावातली पोरं पहाटे निघतात, दुर्बीण आणि स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण) घेऊन, दरीच्या या कडेवर बसून पलीकडचा कडा इंच इंच बघतात. आपण मागाहून जायचं. मधली दरी एवढी खोल की किब्बर आणि चिचमच्या मध्ये पूल बांधायला २०१७ साल उजाडलं, त्याआधी लोक दोरावरच्या पाळण्यात बसून पलीकडं जायचे. आम्ही तिथं बसलोय, पायाची बोटं हलवतोय, थर्मासमधला चहा संपलाय. समोर वीसेक भरल चरतायत. आणि अचानक सगळ्यांनी मान वर केली, एकाच दिशेला. एकानं शीळ घातल्यासारखा आवाज काढला. कोणी पळालं नाही, नुसते बघत उभे. आमच्याबरोबरच्या पोरानं स्कोप त्यांच्या नजरेच्या रेषेत फिरवला आणि हळूच म्हणाला, है.

मला पाच मिनिटं काहीच दिसलं नाही, खडकच. मग खडकाच्या एका भागानं कान हलवला. राखाडी अंग, त्यावर धुरकट ठिपके, आणि शेपूट जवळपास अंगाएवढी लांब, ती आपण थंडीत उपरणं गुंडाळतो तशी नाकातोंडावर घेऊन साहेब झोपलेले. दुपारभर झोपले. एकदा उठला, आळस दिला, कूस बदलली, परत झोपला. त्या आळसाला आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांत पाणी आलं, वारं होतं म्हणतो तो. संध्याकाळी उन्हं गेल्यावर उठून कड्यावरून चालत गेला, उतार असा की मांजर पण विचार करेल, आणि हा रमतगमत. भरलला हात लावला नाही.

लॅमर्गायर मात्र रोज डोक्यावरून, दाढीवालं गिधाड, हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडून खाणारं. त्याचं कौतुक कुणी करत नाही, सगळे बिबट्याच्या मागं. मला तेवढंच आवडलं.

चाटीगल्ली
आत्ता जमलं. काटा आला बे.

निवृत्त_मास्तर
अतिशय सुंदर. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

पुण्यातला_सोलापूरकर
एक वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. असे धागे वाचून गर्दी वाढते. रील बघून लोक जातात, ड्रोन उडवतात, त्या जनावराला शांतता राहत नाही. आपण सगळे निसर्गप्रेमी म्हणवतो आणि डिझेल जाळत दोन हजार किलोमीटर जातो. घरी बसून फोटो बघावेत असं माझं प्रामाणिक मत.

माळावरचा
राग कसला. अर्धं पटतंय. गर्दी दिसली, एक ग्रुप तर कड्यावर उभं राहून ओरडून एकमेकांना हाका मारत होता, गावातल्या पोरानंच त्यांना गप्प केलं. पण दुसरी बाजू बघा. पूर्वी हिमबिबट्यानं गोठ्यात शिरून मेंढ्या मारल्या की गावाचं वर्षाचं नुकसान व्हायचं आणि मग गाव त्याच्या जिवावर उठायचं, यात चूक कुणाची. किब्बरला गावकऱ्यांनी मिळून जनावरांचा विमा चालू केला, काही कुरणं चराईतून मोकळी सोडली म्हणजे भरलला खायला राहील. आणि आता हिवाळ्यात होमस्टे, स्पॉटिंग, गाडी यातून पैसा येतो. आपल्याकडं नान्नजच्या बाजूला धनगरांची कोकरं लांडगा नेतो, त्याला काय मिळतं? नुसत्या फोटो बघण्यानं त्या घराला मेंढीची भरपाई मिळत नाही. माणसांनी जावं, थोडी जावीत, गावातल्याच माणसाबरोबर जावीत आणि तोंड बंद ठेवावं.

पुण्यातला_सोलापूरकर
विम्याचं माहीत नव्हतं. 'थोडी जावीत' हे कोण ठरवणार हा प्रश्न तरी राहतोच.

माळावरचा
राहतो. माझ्याकडं उत्तर नाही.

सातरस्ता
गंभीर चर्चा झाली, आता खाण्याचं लिहा.

माळावरचा
मुद्द्याचं बोललास. सगळं जगणं एका खोलीत. मधोमध पत्र्याचा तंदूर, त्यात लाकूड नाहीतर शेणी, धुराडं छतातून बाहेर, भोवती गालिचे. घरातले, पाहुणे, मांजर सगळे तिथंच, आजी लोकर कातत बसलेली. थुक्पा म्हणजे शेवयांचं सूप, टिमो म्हणजे वाफवलेला पाव, राजमा, बटाटा, काळे वाटाणे. सातू भाजून त्याचं पीठ करतात, त्साम्पा, ते लोणी-मिठाच्या चहात कालवून खायचं. तो चहा पहिल्या घोटाला नको वाटतो, चहा समजून प्यायचाच नाही, सूप समजून प्यायचा. पाणी त्या उंचीला ८६-८७ अंशालाच उकळतं, त्यामुळं डाळ-भात कुकरशिवाय शिजतच नाही, कुकरची शिट्टी ऐकून एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आमची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिथं हिट झाली. आजींनी चटणी त्साम्पात मिसळून खाल्ली आणि अजून मागितली. लोणचं नेऊ नका, तेल घट्ट होऊन बरणीतून निघत नाही.

रात्री बर्फ पडला की सकाळी गावभर खरडण्याचा आवाज. घरं मातीच्या सपाट छताची, बर्फ साचून वितळला तर छत गळतं, म्हणून माणसं लाकडी फावडी घेऊन छतावर. आम्हीही चढलो मदतीला. दहा फावडी मारली आणि बसलो, यजमानांची साठीची बहीण आमच्या वाटणीचं पण उरकून गेली.

अवंतिका_जुळे
मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला न्यावं का? तो बिबट्याचं वाचून हट्ट धरून बसलाय.

माळावरचा
ताई माझं मत नाही म्हणून. लहान मुलाला डोकं दुखतंय की कंटाळा आलाय हे सांगता येत नाही, आणि दिवसभर गप्प बसून कडा बघायचा असतो. मे-जूनमध्ये ताबो, धनकर, काझा करा, रस्ते उघडे असतात, बिबट्या नाही पण बाकी सगळं आहे. तोवर त्याला एकदा पहाटे नान्नजला आणा, काळवीट नक्की दाखवतो.

होटगीरोड
गाडी स्वतःची न्यावी का? आमच्याकडं फोर बाय फोर आहे.

माळावरचा
गाडीचा प्रश्न नाही, हाताचा आहे. सावलीच्या वळणावर पाणी वाहून गोठलेलं असतं, डांबरासारखंच दिसतं, ब्रेक मारला की गाडी आपल्या मनानं चालते. तिकडचे ड्रायव्हर चाकाला साखळ्या लावतात, कुठं लावायच्या आणि कुठं काढायच्या हे त्यांना पाठ असतं. शिवाय साधं डिझेल गारठ्यात घट्ट होतं, सकाळी इंजिनाखाली शेगडी ठेवून गाडी जागी करायला लागते. शिमल्यापासून किंवा पिओपासून तिकडचीच गाडी घ्या. एकटेदुकटे असाल तर पिओहून काझाला सरकारी बस आहे, रस्ता उघडा असला की चालते. खर्चात सगळ्यात मोठा आकडा गाडीचाच, पाच-सहा जणांत वाटला तर परवडतं. पैसे रोख ठेवा. आणि परतीच्या तिकिटाआधी किमान दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, रस्ता बंद झाला तर ते जातात, नाही झाला तर शिमल्यात फिरा.

चाटीगल्ली
ठरलं. पुढच्या जानेवारीत कोण कोण? पण गड्डा (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) सोडून जाणार नाही, आधीच सांगतो. अक्षता सोहळा चुकला तर घरचे परत घेणार नाहीत.

सातरस्ता
+१. यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक झाल्याशिवाय गावाबाहेर पाय नाही.

माळावरचा
कुणी सांगितलंय सोडायला. संक्रांत, गड्डा निवांत करा आणि २० जानेवारीनंतर निघू, बिबट्यासाठी तोच काळ चांगला. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कर्नाटकची तिकिटं काढायला बसावं लागेल. त्याआधी डॉक्टरला दाखवून या, मग इथंच नाव लिहा, व्यनि (खाजगी निरोप) नको, माझा इनबॉक्स भरलाय. सहाच्या वर माणसं घेणार नाही.

निवृत्त_मास्तर
ईसीजी नॉर्मल आला. सौ. अजून नॉर्मल नाहीत. माझं नाव पेन्सिलनं लिहून ठेवा.